मे महिन्याच्या सुट्टीत चार आठवडे फ्रेंच शिकायला फ्रान्सला जायचंय (सांगलीहून) – गाव कुठलं, व्हिसा कुठला, खर्च किती?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत एका शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते. शिक्षण पुण्यात झालं, डेल्फ बी-वन (फ्रेंचची मधल्या पातळीची परीक्षा) पण तेव्हाच दिली, मग लग्न होऊन इकडे आले आणि तेव्हापासून शाळा आणि शिकवण्या. व्याकरण पक्कं आहे, मुलांना दहावीला मार्क चांगले पडतात, पण अख्ख्या सांगली-मिरजेत मला फ्रेंच बोलायला माणूस नाही हो. वाचते, लिहिते, पेपर तपासते, आणि बोलते ते फक्त वर्गात, ते पण मुलांना कळेल एवढंच सावकाश. मध्यंतरी पलूसकडे द्राक्षबागा बघायला एक फ्रेंच जोडपं आलं होतं, ओळखीच्यांनी मला बोलवून घेतलं, माझ्याशी ते नीट बोलले पण त्यांचं आपसातलं बोलणं मला धड कळेना. तेव्हापासून मनात घेतलंय की एकदा तिकडे जाऊन राहायचं, फिरायला नाही, शिकायला.

२०२७ च्या मे महिन्याचा विचार आहे. शाळा एप्रिलअखेर संपते आणि जूनच्या मध्यावर परत सुरू होते, म्हणजे मधले सहा आठवडे हातात, त्यातले चार तिकडे काढायचे. घरून पूर्ण पाठिंबा आहे, मुलगी सातवीत आहे ती आजीजवळ राहील. शिकवण्यांचे साठवलेले चार लाख आहेत, त्याच्या वर जायचं नाही असं ठरवलंय.

आता विचारायचंय ते असं की पॅरिसलाच जावं का दुसरं गाव बघावं, शाळा चांगली आहे हे इथं बसून कसं ओळखायचं, व्हिसा स्टुडंटचा लागतो का टुरिस्टचा, आणि चार आठवड्यांत खरंच काही फरक पडतो का. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. वय अडतीस, वर्गात सगळी कॉलेजची मुलं असतील का याची पण जरा धाकधूक आहे. कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा, कितीही लांब लिहिलंत तरी वाचणार आहे.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

मॅडम, जरूर जा. मी सातारचा, कंपनीच्या कामासाठी फ्रेंच शिकलो आणि पुढं सुट्टी काढून बझांसोंला जाऊन राहिलो, त्यामुळं तिथलं सांगू शकतो.

पॅरिस नको. पॅरिस वाईट आहे म्हणून नाही, तर तुमचं काम तिथं होणार नाही म्हणून. राहायला महाग, शाळा लांब, मेट्रोत तास-तास जातो, आणि तुम्ही एक वाक्य अडखळलात की समोरचा माणूस मदत म्हणून लगेच इंग्रजीवर येतो. तुम्हाला इंग्रजी येतं हे तुमच्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळतं. छोट्या गावात बेकरीतली बाई, बसचा ड्रायव्हर, लायब्ररीतला माणूस यांना थांबून ऐकायला वेळ असतो आणि बऱ्याच जणांना इंग्रजी बोलायचा कंटाळाच असतो. तुम्हाला हेच पाहिजे.

बझांसों पूर्वेला आहे, स्वित्झर्लंडच्या हद्दीपासून जवळ, पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान ट्रेननं साधारण अडीच तास. दू नावाची नदी जुन्या गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालून जाते आणि वर डोंगरावर व्होबाँ या लष्करी इंजिनिअरनं चौदाव्या लुईच्या काळात बांधलेला किल्ला, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. गावात कुठंही उभं राहून मान वर केली की किल्ला दिसतो, आपल्याकडं अजिंक्यतारा दिसतो तसा, मला तर पहिल्याच दिवशी परकं वाटेनासं झालं. व्हिक्टर ह्यूगोचा जन्म तिथला, १८०२ चा, घर बघता येतं. तिथं युनिव्हर्सिटीचं सीएलए आहे, म्हणजे भाषा शिकवायचं सेंटर, १९५८ पासून चालू आहे, आणि जगभरातले फ्रेंचचे शिक्षक तिथं ट्रेनिंगला येतात. तुम्ही शिक्षिका आहात म्हटल्यावर तिथल्या लोकांना वेगळं सांगत बसावं लागणार नाही.

पण शाळेपेक्षा मला जास्त सांगायचंय ते राहण्याबद्दल. हॉस्टेल, स्टुडिओ, एअरबीएनबी काही घेऊ नका, होस्ट फॅमिलीच घ्या, म्हणजे पैसे घेऊन विद्यार्थ्याला स्वतःच्या घरात ठेवणारं कुटुंब, आणि दमी-पाँसियाँ घ्या म्हणजे सकाळचा नाष्टा आणि रात्रीचं जेवण त्यांच्याबरोबर. वर्ग दुपारपर्यंत संपतो, खरा वर्ग रात्री साडेसात-आठला जेवणाच्या टेबलावर भरतो. तिथं एक माणूस बोलत नसतो, तीन जण एकदम बोलतात, एकमेकांचं वाक्य तोडतात, मधेच टीव्हीवरच्या बातमीवर भांडतात, मग तुमच्याकडं वळून विचारतात की तुमच्याकडं कसं असतं. पहिला आठवडा डोकं दुखतं, खरंच दुखतं, रात्री नऊला झोप येते. नकाराचा निम्मा भाग बोलताना गाळून टाकतात, शब्द एकमेकांत घुसवतात, पुस्तकात शिकवलेली वाक्यं कुठं ऐकूच येत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी जेवताना लक्षात येतं की आपण मनातल्या मनात मराठी करत बसलेलो नाही. तुमची पलूसची जी अडचण होती, दोघांचं आपसातलं बोलणं न कळायची, ती वर्गात सुटत नाही, ती टेबलावरच सुटते.

फॉर्म भरताना दोन ओळी जास्तीच्या लिहा. त्याच घरात दुसरा इंग्रजी बोलणारा विद्यार्थी नको, आणि जेवणाचं स्पष्ट लिहा. नुसतं शाकाहारी लिहून भागत नाही, काही घरात मासे शाकाहारात धरतात. मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्सा नाही, अंडं-दूध-चीज चालतं असं लिहून टाका. त्या भागात काँते चीज फार चांगलं मिळतं, उपाशी राहणार नाही तुम्ही.

कराडची_लेक (पुणे)

ताई, मी मूळची कराडची, पुण्यात फ्रेंच-इंग्रजी भाषांतराचं काम करते. सातारच्या दादांनी राहण्याचं लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर आहे. मी तारखांचं सांगते कारण मे महिना फ्रान्समधे फसवा असतो.

मे मधे त्यांच्या सुट्ट्या ओळीनं येतात. १ मे कामगार दिन, ८ मे दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाचा दिवस, शिवाय इस्टरवर अवलंबून असलेल्या दोन, असांसियाँचा गुरुवार आणि पाँतकोतचा सोमवार. २०२७ मधे १ आणि ८ मे दोन्ही शनिवारी येतायत म्हणजे वर्गाच्या दृष्टीनं त्यांचा त्रास नाही, पण असांसियाँ ६ मे ला आहे आणि पाँतकोतचा सोमवार १७ मे ला. गुरुवारची सुट्टी आली की शुक्रवार जोडून अर्धं गाव बाहेरगावी जातं. आणि बऱ्याच शाळांच्या नियमात लिहिलेलं असतं की सरकारी सुट्टीचा बुडालेला वर्ग भरून मिळणार नाही आणि पैसे पण कमी होणार नाहीत. म्हणून तुम्ही मे च्या सुरुवातीला जायचंच नाही. १५ किंवा १६ मे ला पोचा, सोमवारी सुट्टी आहे त्या दिवशी गाव पायी फिरून घ्या, मंगळवारी १८ मे ला वर्ग सुरू, तो शुक्रवार ११ जूनपर्यंत. १२ ला निघालात की १३ ला मुंबई. एकाच दिवसाचा वर्ग बुडेल आणि शाळा उघडायच्या आत घरी. फक्त पाँतकोतच्या शनिवार-रविवारी ट्रेनला खूप गर्दी असते, ते तिकीट सुटलं की लगेच काढा, उशिरा काढलेलं टीजीव्हीचं तिकीट दुप्पट-तिप्पट पडतं.

शाळा ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे कालिते एफएलई हे लेबल, एफएलई म्हणजे परक्या लोकांना शिकवायची फ्रेंच. फ्रान्सची उच्च शिक्षण, परराष्ट्र आणि संस्कृती अशी तीन मंत्रालयं मिळून ते देतात, २००७ पासून, आणि त्याचं काम फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल बघतं, तीच संस्था जी आपली डेल्फ-डाल्फ चालवते. तपासणीसाठी माणसं प्रत्यक्ष शाळेत जातात, वर्गात बसतात, शिक्षकांची पात्रता बघतात, आणि मग शिकवणं, शिक्षक, स्वागत, जागा, कारभार अशा प्रत्येक बाबतीत तारे देतात. लेबल असलेल्या सगळ्या शाळांची यादी नेटवर आहे, त्यात गाव टाकून शोधा. एजंटकडं जायची गरज नाही, तुम्ही स्वतः फ्रेंचमधे मेल लिहू शकता की! आणि तोच पहिला सराव.

बझांसोंच्या जोडीला व्हिशी पण बघा. तिथं काव्हिलाम म्हणून सेंटर आहे, १९६४ पासूनचं, आलियाँस फ्रान्सेज या जगभर फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेशी जोडलेलं. गाव छोटं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं, आलिए नदीच्या काठावर, २०२१ मधे युरोपातल्या मोठ्या झऱ्यांच्या गावांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून साधारण तीन तास. सगळं चालत होतं, बसची पण गरज पडत नाही. ग्रनोब्लला युनिव्हर्सिटीचं सीयूईएफ आहे, ते पण नावाजलेलं, पण ते मोठं शहर आणि विद्यार्थी जास्त, तुमच्यासाठी मी ते तिसऱ्या नंबरला ठेवीन.

वयाची काळजी सोडा. जुलै-ऑगस्टमधे तरुण पोरांची झुंबड असते, मे-जूनमधे नोकरीवाले, रिटायर झालेले जर्मन-स्विस, धर्मगुरू, नर्स असे सगळे दिसतात. माझ्या वर्गात माझ्या आईच्या वयाची एक जपानी बाई होती आणि सगळ्यात जास्त तीच बोलायची.

वाईचा_वाटाड्या (वाई)

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. चार लाख ही लहान रक्कम नाही. आधी पाँडिचेरी का बघत नाही? १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होतं, आलियाँस फ्रान्सेज आहे, फ्रेंच इन्स्टिट्यूट १९५५ पासून आहे, लीसे फ्रान्से ही फ्रेंच शाळा तर १८२६ पासूनची, आजही बरेच फ्रेंच नागरिक तिथं राहतात. व्हिसा नाही, इन्शुरन्स नाही, खर्च चौथा हिस्सा. नाहीतर मॉरिशस, तिथं फिरायला जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पेपर बहुतेक फ्रेंचमधे, आणि मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत तिथं, गणपती बसवतात, ओळख निघायला वेळ लागणार नाही. जेवणाचा प्रश्न पण नाही. आमच्या ओळखीचे एकजण जाऊन आले, खूप खुश होते.

कराडची_लेक (पुणे)

दादा, राग कसला, पण ताईंना जे पाहिजे ते दोन्हीकडं मिळणार नाही असं मला वाटतं. पाँडिचेरी मी पाहिलंय. व्हाइट टाउनमधे, म्हणजे जुन्या फ्रेंच भागात, गल्ल्यांची नावं फ्रेंच, पाट्या फ्रेंच, आलियाँसच्या आत फ्रेंच, पण भाजी घ्यायला गेलं की तमिळ आणि रिक्षात बसलं की इंग्रजी. वर्गाबाहेर चोवीस तास कानावर फ्रेंच पडत राहिली पाहिजे, ते होत नाही. लायब्ररी वापरायला, चार दिवस ऑक्टोबरच्या सुट्टीत जाऊन यायला उत्तम. मॉरिशसला रोजचं बोलणं क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून निघालेली तिथली बोली, फ्रेंच बहुतेकांना येतं पण घरात आणि बाजारात आधी क्रेओलच ऐकू येते, आणि सरकारी कामकाज इंग्रजीत. आणि मराठी माणसं भेटतील हा ताईंसाठी तोटाच आहे, बोलायला मराठी मिळालं की कोण फ्रेंच बोलतंय!

आयुष्यात एकदा जायचं आणि त्यासाठी वर्षानुवर्षं शिकवण्या करून पैसे साठवले असतील तर जिथं ती भाषा भाजीवाला पण बोलतो तिथंच जावं.

मिरज_जंक्शन (मिरज)

व्हिसाचं मी सांगतो, कामानिमित्त शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) कागद बरेचदा केलेत.

चार आठवडे म्हणजे ९० दिवसांच्या आत, त्यामुळं स्टुडंट व्हिसा नाही आणि कॅम्पस फ्रान्स या तिकडच्या सरकारी संस्थेची विद्यार्थ्यांसाठीची मुलाखत वगैरे काही नाही. ते सगळं तीन महिन्यांच्या वर राहणाऱ्यांना. तुम्हाला शॉर्ट स्टे म्हणजे टाइप सी शेंगेन, फक्त अर्जात कारण शिक्षण/भाषेचा कोर्स असं खरं खरं लिहा, टुरिस्ट लिहून वर्गात बसू नका. फी ९० युरो, जून २०२४ पासून ८० ची ९० झाली, वर व्हीएफएसचा, म्हणजे अर्ज जमा करून घेणाऱ्या कंपनीचा, सर्व्हिस चार्ज वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज चालतो, म्हणजे तुम्ही १५ मे ला निघणार तर नोव्हेंबरच्या मध्यापासून. नियमानं किमान १५ दिवस आधी चालतो पण तसं कधी करू नका, मार्च-एप्रिलमधे आपल्याकडं सगळे युरोपला निघतात आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत उरकून टाका. पुण्यात व्हीएफएसचं सेंटर आहे, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, मिरजेहून सकाळची गाडी धरली तर एका दिवसात होतं.

पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू पाहिजे, दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे आणि दोन पानं कोरी. इन्शुरन्स ३० हजार युरोचा, पूर्ण शेंगेन भागासाठी, जायच्या दिवसापासून यायच्या दिवसापर्यंत. शाळेचं प्रवेशपत्र आणि फी भरल्याची पावती, होस्ट फॅमिलीचं शाळेनं दिलेलं पत्र, विमानाचं रिझर्व्हेशन, पगाराच्या स्लिप, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात वजनाचा कागद म्हणजे मुख्याध्यापकांचं पत्र. त्यात लिहून घ्या की या आमच्या इथं फ्रेंचच्या शिक्षिका आहेत, सुट्टीत भाषेच्या कोर्सला जातायत, आणि अमुक तारखेला शाळा उघडते तेव्हा हजर व्हायचंय. हे पत्र वाचलं की जायचं कारण पण कळतं आणि परत यायचं पण.

शिकवण्यांचे पैसे रोख घेत असाल तर आत्तापासून थोडे थोडे खात्यात भरत जा आणि रिटर्नमधे दाखवा. अर्जाच्या आधी आठ दिवस एकदम दोन लाख भरलेले दिसले की प्रश्न येतो. हॉटेलचं बुकिंग असलेल्या माणसाकडं दिवसाला ६५ युरो असावेत असा त्यांचा हिशोब असतो, तुमची फी आणि राहणं आधीच भरलेलं असणार म्हणजे अडचण नाही.

फी पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरायचा, शाळेचं प्रवेशपत्र आणि पॅन जोडायचं. वर्षाला दहा लाखांच्या आत असल्यानं टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापते तो टॅक्स, कापत नाहीत. सांगलीतल्या सगळ्या शाखांत परदेशी पैसे पाठवायचं काम होत नाही, मोठ्या शाखेत आधी विचारून जा नाहीतर दोन-तीन हेलपाटे पडतात. आणि पैसे पाठवायच्या आधी शाळेकडून लेखी घ्या की व्हिसा नाकारला तर किती परत मिळणार. बऱ्याच शाळा नकाराचं पत्र दाखवलं की नोंदणी फी कापून बाकी देतात, पण लेखी असू दे.

कृष्णाकाठची (सांगली)

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, डोळे भरून आले वाचताना. वाईच्या दादांचं पाँडिचेरीचं पण लक्षात ठेवलंय, दहावीच्या मुलांची सहल तिथं नेता येईल असं एकदम डोक्यात आलं.

काल बसून हिशोब केला. वर्ग आठवड्याला साधारण अडीचशे ते साडेतीनशे युरो दिसतायत, होस्ट फॅमिली दोन वेळच्या जेवणासकट सव्वादोनशे ते तीनशे. युरो शंभर रुपयांना धरला तर चार आठवड्यांचे दोन लाखांपासून अडीच-पावणेतीनपर्यंत. विमान सत्तर-पंचाहत्तर हजार धरलं, व्हिसा-इन्शुरन्स-ट्रेन मिळून पंचवीस-तीस, बाकी दुपारचं जेवण आणि हातखर्च. जरा ओढाताण होईल पण चार लाखांत बसतंय.

आता अजून दोन गोष्टी सांगा. एक म्हणजे दोन्ही सेंटरमधे शिक्षकांसाठी वेगळे ट्रेनिंग कोर्स आहेत असं दिसलं, पण ते जुलैत. शाळेतून बिनपगारी रजा काढून जुलैत जावं का? आणि दुसरं, चार आठवड्यांनी मी बी-टू, म्हणजे बी-वनच्या वरची डेल्फ, देऊ शकेन का? शाळेत ते सांगितलं तर माझं वजन वाढेल.

कराडची_लेक (पुणे)

जुलैची रजा नको. शिक्षकांचे ते कोर्स फार चांगले असतात, पण त्यात कसं शिकवायचं ते शिकवतात, आणि तुम्हाला शिकवता येतंच. तुमचं अडलंय ते बोलण्यात आणि ऐकण्यात, तर आधी सरळ भाषेचा कोर्स करा. आठवड्याला २० तासांचा घ्या, तीस तासांचा घेऊ नका, संध्याकाळी घरच्यांशी बोलायला डोकं शिल्लक राहिलं पाहिजे. शिक्षकांचा कोर्स नंतर कधीतरी, आणि त्यासाठी मदत मिळते का हे इंडियन असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ फ्रेंचकडं विचारा, शिक्षिका म्हणून तुम्ही त्यांच्या सभासद तशाही व्हायला पाहिजे.

बी-टू बद्दल खरं सांगते. २० तासांनी चार आठवडे म्हणजे ८० तास. बी-वन पासून बी-टू ला साधारण दोनशे तास तरी धरतात. त्यामुळं नुसत्या या कोर्सवर बी-टू होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तुमचं वाचन-लिहिणं-व्याकरण इतक्या वर्षांच्या शिकवण्यानं आधीच वर गेलेलं असणार. डेल्फमधे चार भाग प्रत्येकी २५ मार्कांचे, पास व्हायला शंभरात ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. तुमची कच्ची बाजू ऐकणं आणि बोलणं हीच, आणि चार आठवड्यांत नेमकी तीच सुधारते. परत आल्यावर दिवाळीपर्यंत अभ्यास करून पुण्यात परीक्षा द्या, मला वाटतं होऊन जाईल. सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, घाई नाही.

पण जायच्या आधीचे महिने वाया घालवू नका, त्यावर सगळं अवलंबून आहे. आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र रोज दहा मिनिटांचं असतं, मजकुरासकट, ते आजपासून ऐका. आधी न वाचता ऐकायचं, मग वाचत ऐकायचं, मग त्यांच्याबरोबर मोठ्यानं म्हणायचं. ते सोपं वाटायला लागलं की साधी बातमी, मग टीव्ही५मोंद या फ्रेंच चॅनेलच्या साइटवरचे बी-वन, बी-टू चे व्हिडिओ. आणि आठवड्यातून एकदा माझ्याशी फोनवर बोला, मी खरंच सांगतेय, रविवारी दुपारी मी मोकळी असते, मेसेज करा.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

ताईंनी वरती लिहिलंय त्याच्यात एवढंच घालतो की दुपारचा वेळ मोकळा सोडू नका. वर्ग सुटल्यावर सगळ्या देशांची मुलं मिळून कॅफेत बसतात आणि इंग्रजी बोलतात, तिथंच पैसे वाया जातात. पहिल्याच आठवड्यात म्युनिसिपालटीच्या लायब्ररीत जाऊन चौकशी करा, त्याला मेदियातेक म्हणतात, कुठं वाचनगट असतो, कुठं गप्पांचा कट्टा, कुठं शिवणकामाचा क्लब. तिथल्या माणसांना तुम्ही फ्रेंच शिकवता हे कळलं ना की फार अप्रूप वाटतं. मी गेलो होतो तेव्हा एका आजोबांनी मला रोज चालायला बरोबर नेलं आणि प्रत्येक झाडाचं नाव सांगितलं.

रोलाँ गारोसची टेनिस तेव्हाच चालू असते, घरोघरी टीव्हीवर, त्यावर गप्पा सहज सुरू होतात. आणि दुकानात शिरताना आधी बाँझूर म्हणजे नमस्कार, मग काम, हे तुम्ही वर्गात शिकवतच असाल, तिथं ते न म्हणता किंमत विचारली तर चेहरा बदलतो माणसांचा.

तुमच्या वर्गासाठी गोळा करत जा. आठवडी बाजारातल्या भावाच्या पाट्यांचे फोटो, सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं, बसचं टाइमटेबल, नगरपालिकेचं छापील मासिक, बेकरीतली पिशवी. स्टेशनवरच्या घोषणा मोबाइलवर रेकॉर्ड करा. होस्ट फॅमिलीनं हो म्हटलं तर त्यांच्याकडून तुमच्या मुलांसाठी एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून आणा, नाव काय, घरात कोण, सकाळी काय खातो. सांगलीतल्या पोरांनी खऱ्या माणसाचा आवाज ऐकला की त्यांना ती भाषा पेपरपुरती वाटणार नाही.

कृष्णाकाठची (सांगली)

कराडच्या ताई, मेसेज केलाय, या रविवारपासूनच सुरू करू. सातारच्या दादांची रेकॉर्डिंगची कल्पना वर्गात सांगितली तर पोरांनी आत्ताच प्रश्नांची यादी करायला घेतली, तिकडच्या मुलांना डब्यात काय देतात इथपासून त्यांना पण गणिताची भीती वाटते का इथपर्यंत.

बझांसों आणि व्हिशी दोन्हीकडं मेल लिहिली. एक शेवटचं, होस्ट फॅमिलीला काय न्यावं? सासूबाई म्हणतायत सातारचे कंदी पेढे आणि घरचं तूप.

मिरज_जंक्शन (मिरज)

पेढे आणि तूप दोन्ही नाही चालणार. युरोपियन युनियनमधे बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि दंड पण होऊ शकतो. भडंग न्या, ती प्रवासात तुम्हाला पण उपयोगी पडेल. सांगलीची हळद न्या, सीलबंद पाकिटात, २०१८ मधे जीआय, म्हणजे त्या भागाचाच खास माल असल्याची सरकारी नोंद, मिळालाय तिला, हे फ्रेंचमधे सांगितलंत तर त्यांना लगेच कळेल कारण त्यांच्याकडं चीजला आणि वाइनला तसंच असतं, अर्धा तास बोलणं चालेल त्यावर. सुती टेबलक्लॉथ किंवा कोल्हापुरी साज वगैरे हलकं काहीतरी पण चांगलं. सुरीसारखं टोकदार काही असेल तर चेक-इनमधे.

कराडची_लेक (पुणे)

हळद बेस्ट. आणि एखाद्या शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात तुम्ही स्वतः वरण-भात-बटाट्याची भाजी करून घाला, डाळ-तांदूळ तिकडं मिळतात. फक्त मोहरी तिकडच्या सुपरमार्केटमधे आख्खी मिळेलच असं नाही, ती आणि हिंग इथून बांधून न्या.